प्रसादातला अननस

मी सातवी शिकलेली; इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण गेल्या वर्षी सत्यनारायणाला माझ्या धाकट्या जाऊबाईंनी अननसाचा शिरा केला, आणि सासूबाई म्हणाल्या, "परमुलखातले फळ प्रसादात नको." जाऊबाई हिरमुसल्या. तेव्हापासून मी हा शोध मनावर घेतला.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाने तो १४९३ साली पाहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो हिंदुस्थानात आणला. पुढे आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस होत, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

पण भगिनींनो, शिऱ्यातला काजू तरी कुठे आपला? तोही ब्राझीलचा! १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि त्याच शतकात काजूचे झाड इकडे आले. 'काजू' हे नावसुद्धा त्यांच्याच तोंडचे. बदाम-पिस्ते इराण-अफगाणिस्तानातून व्यापाऱ्यांनी आणले. केळे तेवढे आपले जुने. आणि उपासाच्या खिचडीतला शेंगदाणा, ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, मिरची, ही सारी अमेरिकेचीच!

एकादशीला दाण्याचा लाडू वळता वळता सासूबाईंनी हे सगळे ऐकून घेतले. जरा वेळाने म्हणाल्या, "मग आपण तिघीही परक्या घरच्याच की गं!"

यंदा अननस त्यांनीच आणवला. एवढेच बजावले, "फोडी आधी साखरेत शिजव हो, नाहीतर दूध फाटेल."