मुखवट्याची गोष्ट

मंडळी, बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची चकती असते, पक. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या या चकतीसमोर गोलरक्षक उघड्या तोंडाने उभे राहत! १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने काही सामने कातड्याचा मुखवटा लावून पाहिला, पण ती पद्धत रुजली नाही.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियलच्या जाक प्लान्तच्या तोंडावर बसला. टाके पडले. संघाकडे राखीव गोलरक्षक नव्हता. प्लान्त अडून बसला, सरावातला फायबरग्लासचा मुखवटा घालू द्याल तरच उतरेन! प्रशिक्षक टो ब्लेक यांना हे मुळीच पसंत नव्हते; पण करतात काय? मॉन्ट्रियल ३-१ जिंकले आणि त्याच मोसमात सलग पाचव्यांदा स्टॅन्ली कपही.

मुखवटा म्हणजे भित्रेपणा, हा तेव्हाचा समज. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ मुखवट्याविना सलग ५०२ सामने खेळला; तो विक्रम अजून अबाधित आहे. (सामन्याआधी त्याला ओकाऱ्या होत, हेही प्रसिद्धच.) तरी मला प्लान्तच अधिक धीट वाटतो. चकती सगळेच झेलत होते, हसे कोण झेलणार?

पुढे सेंट लुईसकडून खेळताना हॉलनेही मुखवटा चढवला.