मैदानावरचा जुना सदरा

सोलापूरच्या श्रोत्यांपुढे कापडाविषयी बोलू पाहणाऱ्याने आधीच क्षमा मागून ठेवलेली बरी. 1877 च्या सुमारास जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून ह्या गावात सूत, माग आणि रंग ह्यांची बोलणी घराघरांतून चालत आली आहेत. चादरीच्या काठाला ओले बोट लावून रंग पक्का की कच्चा हे सांगणारी माणसे ह्या मंडपातच बसलेली असतील. तेव्हा कापडाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला सांगावयाची आहे ती फुटबॉलच्या सदऱ्याची हकीकत. त्यातही, बदलून गेल्यावर किंवा बदलण्याची वेळ आल्यावर प्रेक्षकांच्या मनात जो उरतो त्या जुन्या सदऱ्याची. विषय पोरखेळाचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्या गावाने 1930 सालच्या मार्शल लॉमध्ये तिरंगी निशाणापायी तुरुंग पाहिला, त्या गावाला रंगीत कापडाचे मोल मी काय समजावून सांगावे?

ह्या विषयाकडे मी वळलो तो आमच्या एका मामांमुळे. ऐन विशीत ते येथून मुंबईस गिरणीत नोकरीला गेले आणि सुट्टी मिळाली की कूपरेजच्या मैदानावर फुटबॉल पाहावयास जात. रोव्हर्स चषकाचे सामने तेथे होत. 1955 साली कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने तो चषक प्रथम जिंकला, ते सामने मामांनी पाहिले होते. म्हातारपणी त्यांना गोल कोणी केले हे आठवत नसे, सामना कोणत्या महिन्यात झाला हेही नाही. पण सदऱ्याचा रंग विचारला की उत्तर ठरलेले: “अर्धी कैरी, अर्धे आमसूल.” हिरवा आणि मरून ह्या दोन रंगांचे ह्याहून चांगले मराठी मी अद्याप ऐकलेले नाही.

त्यांची आठवण सर्वस्वी भरवशाची होती असे मात्र मी म्हणणार नाही. गोलरक्षकसुद्धा त्याच रंगात होता असे ते छातीठोकपणे सांगत. हे काही खरे असू शकत नाही, कारण गोलरक्षकाने वेगळा रंग घालण्याची पद्धत विलायतेत 1909 पासून नियमाने आली आणि इकडेही ती रुळली होती. प्रेमाने पाहणारा डोळा सगळा संघ एका रंगात बुडवून टाकतो. इतिहास लिहिणाऱ्याने अशी साक्ष तपासून घ्यावी, पण ती फेकून देऊ नये. त्या काळची छायाचित्रे काळीपांढरी. हिरवा काय नि मरून काय, दोन्ही राखाडीच. वर्तमानपत्रांनी गोल मोजले, रंग क्वचितच लिहिला. तो कागदावर उतरला नाही तेवढा ह्या मंडळींच्या डोळ्यांत राहिला.

मोहन बागानचा रंग इतका खोल का भिनला ह्याचे कारण 29 जुलै 1911 ह्या दिवसात आहे. 1889 साली उत्तर कलकत्त्यात निघालेला हा संघ त्या दिवशी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ह्या गोऱ्या पलटणीच्या संघासमोर उभा राहिला. अकरापैकी दहाजण अनवाणी. बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या पायांत. पहिला गोल पलटणीने केला. मग शिवदास भादुरींनी बरोबरी साधली आणि वेळ संपत आली असता अभिलाष घोषांनी दुसरा गोल चढवला. गर्दी एवढी की मागे उभ्या असलेल्यांना चेंडू दिसणे अशक्य, तेव्हा पतंग उडवून त्यांना गोलांची खबर दिली जात होती असे वर्णन आढळते. अशा गर्दीत लांबून माणूस ओळखू येत नाही, रंग तेवढा ओळखू येतो. त्या दिवशी हजारो लोकांनी जे प्रत्यक्ष पाहिले ते बहुधा एवढेच असेल, की एक रंग पुढे सरकतो आहे आणि दुसरा मागे हटतो आहे.

हा रंग मुंबईस आला तो बारा वर्षांनी. 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स चषक बराच काळ गोऱ्या पलटणींच्याच हाती होता. 1923 साली मोहन बागान त्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. पुढे 1937 साली बंगलोर मुस्लिम्स हा पहिला हिंदी विजेता निघाला, आणि 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक सोडला नाही. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे गुरू. हैदराबादहून मुंबईस जाणारी गाडी वाडीवरून आपल्याच स्टेशनातून पुढे जाते, हे पूर्वभागातील तेलुगू मंडळींना मी सांगावयास नको.

आता थोडे मागे जाऊ. संघाला रंग असावा हे आज स्वयंसिद्ध वाटते. आरंभी तसे नव्हते. विलायतेत सुरुवातीचे खेळाडू घरचाच सदरा घालून येत आणि टोपीवरून किंवा पट्ट्यावरून बाजू ओळखली जाई. संघासंघांचे रंगीत सदरे रूढ झाले ते गेल्याच्या मागल्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याच काळात रासायनिक रंगही निघाले. 1856 साली पर्किनने जांभळा रंग काढला, 1868 साली जर्मनीत मंजिष्ठाचा लाल रंग रसायनशाळेत तयार झाला, आणि रंगीत कापड साध्या माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. तरी सगळाच रंग पक्का नसे. इटलीतील तूरिन शहराच्या युवेंतुस संघाचा पहिला सदरा गुलाबी होता. धुता धुता तो इतका विटला की 1903 साली त्यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागवले. आले ते नॉट्स काउंटीसारखे काळेपांढरे पट्टे. तेच आज त्या संघाचे भूषण आहेत! कच्च्या रंगाने केवढा इतिहास घडवावा हे येथील रंगाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कलकत्त्यातही असाच प्रकार सांगतात. 1920 साली ईस्ट बंगाल संघ निघाला तेव्हा त्याच्या चालकांना व्हाइटअवे लेडलॉच्या दुकानात टांगलेला लाल-सोनेरी सदरा आवडला आणि तोच रंग कायम झाला. म्हणजे रंगाच्या मुळाशी पुष्कळदा ना तत्त्व असते ना परंपरा. असते दुकानाची काच. परंपरा मागाहून येते आणि ती प्रेक्षक आणतात. पूर्वी तर प्रेक्षकाजवळ तो सदरा नसायचाही. संघाचा सदरा दुकानात विकत मिळण्याची चाल विलायतेत 1970 नंतरच्या दशकात पडली, आणि दरवर्षी नवा नमुना काढण्याची हौस व्यापाऱ्यांना त्यानंतर लागली. त्याआधी प्रेक्षक रंग घेऊन घरी जायचा तो फक्त डोळ्यांतून.

मग हा रंग कोणाचा? मैदान, चषक, खेळाडूंचे करार ह्यांची मालकी कागदावर असते. रंगाचा वाद आला की ज्यांच्याजवळ कागद नाही अशी माणसे उठून उभी राहतात.

वेल्समधील कार्डिफ सिटी संघ 1908 पासून निळा. लोक त्याला ‘ब्लूबर्ड्स’ म्हणजे निळे पक्षीच म्हणतात. 2012 साली त्याचे मलेशियातील मालक व्हिन्सेंट टॅन ह्यांनी सदरा लाल केला. पूर्वेकडे लाल रंग शुभ, संघाचे नाव तिकडे होईल, शिवाय मालक पैसाही ओततील, असा हिशेब. आणि गंमत अशी की लाल सदऱ्यात संघ जिंकला! 2013 साली तो इंग्लंडच्या सर्वांत वरच्या वर्गात चढला; अर्धशतक निळ्या सदऱ्याने जे साधले नव्हते ते लालने साधले. तरीही लोक मैदानावर निळे गळपट्टे घेऊन येतच राहिले. यश मिळाले म्हणून रंग विसरावयास ते तयार नव्हते. शेवटी जानेवारी 2015 मध्ये मालकांनी निळा परत दिला. ह्यात एक मेख आहे, ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1908 पूर्वी हाच संघ रिव्हरसाइड नावाने खेळे आणि तेव्हा त्याचा रंग चॉकलेटी व पिवळसर होता. त्या रंगासाठी कोणी रडले नाही, कारण तो आठवणारे कोणी उरले नव्हते. ‘जुना’ म्हणजे जिवंत माणसांच्या आठवणीत जेवढा मागे जातो तेवढाच.

मोहन बागानवर तशीच वेळ आली. जानेवारी 2020 मध्ये संघाच्या फुटबॉल विभागाचा मोठा हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला. त्या समूहाचा स्वतःचा ए. टी. के. हा लालपांढरा संघ 2014 पासून चालू होता. आता सदरा कोणता, ह्या एका प्रश्नाने कलकत्ता अस्वस्थ झाले. त्या जुलैमध्ये ठरले की हिरवा-मरून राहील, पालनौकेचे बोधचिन्ह राहील, पण नावापुढे ‘ए. टी. के.’ ही अक्षरे लागतील. रंग वाचला म्हणून लोक गप्प बसतील असे व्यवस्थापकांना वाटले असावे. ते बसले नाहीत. तीन वर्षे ती अक्षरे काढण्याची मागणी चालू राहिली. 18 मार्च 2023 रोजी गोव्यात संघाने इंडियन सुपर लीग जिंकली त्याच दिवशी मालकांनी ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. बोधचिन्हावर आरंभी नौका नव्हती, वाघ होता. त्या वाघासाठी मात्र कोणी मोर्चा काढला नाही.

उलट उदाहरणही आहे. ब्राझीलचा पिवळा सदरा सर्वांना ठाऊक. 1950 पर्यंत तो पांढरा होता. त्या वर्षी 16 जुलैला रिओ येथे उरुग्वेकडून ब्राझील हरला आणि पांढऱ्या रंगावर अपयशाचा शिक्का बसला. 1953 साली एका वर्तमानपत्राने नव्या सदऱ्यासाठी स्पर्धा ठेवली, ती आल्दिर श्ली ह्या एकोणीस वर्षांच्या मुलाने जिंकली. तो राहायचा उरुग्वेच्या सरहद्दीवर आणि मनाने होता उरुग्वेच्याच बाजूचा! पांढरा सदरा तेथे लोकांनीच टाकला, कोणी हिसकावून घेतला नाही. माझ्या मते फरक आहे तो एवढाच.

आपल्याकडे ह्या बाबतीत भाग्यवान म्हणावे ते कोल्हापूरला. तेथे फुटबॉल तालमींतून वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे एकाच वेळी कुस्तीची आणि फुटबॉलची. संघ पेठेचा, सदरा पेठेचा, शाहू स्टेडियमवर ओरडणाराही पेठेचाच. विकणार कोण आणि कोणाला?

मुंबईचे तसे नव्हते. तेथे मफतलाल, ऑर्के अशा गिरण्यांचे संघ होते, टाटांचा होता, महिंद्रांचा होता. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. गिरण्यांचे संघ त्याआधीच विरले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि पुढे गिरणगावच पांगले. ज्या गिरण्या देशाला कापड पुरवत होत्या, त्यांच्या स्वतःच्या खेळाडूंचे सदरे कोठे गेले हे विचारावयास कामगार उरले नाहीत. कलकत्त्यात मोर्चा निघू शकला, कारण माणसे त्याच गल्लीत राहात होती. येथे कोणी सोलापूरला परतला, कोणी कोकणात, कोणी साताऱ्याकडे.

आमचे मामाही परतले. त्यांच्या गिरणीचा संघ होता आणि ते त्यात दोन हंगाम राखीव खेळाडू होते, हे मला मामींकडून कळले, तेही मामा गेल्यावर. मी त्यांना मोहन बागानचा रंग पन्नासदा विचारला असेन. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याचा एकदाही विचारला नाही. मामींना एवढेच आठवते की तो वेगळा धुवावा लागे, त्याचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागायचा.

आपणांपैकी कोणी येथील किंवा मुंबईच्या गिरणीच्या संघातून खेळले असतील, किंवा वडिलांबरोबर सामने पाहावयास गेले असतील, तर त्यांनी व्याख्यान संपल्यावर पाच मिनिटे थांबावे. मी वही आणली आहे. गिरणीचे नाव, साल आणि रंग एवढेच लिहून घेईन.