आवक क्रमांक नसलेली तबकडी

आमच्या कचेरीत कुठलाही कागद आला की आधी त्याच्यावर आवक क्रमांक पडतो. क्रमांक नाही, तारीख नाही, म्हणजे तो कागद आलाच नाही. मंत्र्यांचं पत्र असो की कुणा गरिबाचा अर्ज, नियम एकच. अठरा-वीस वर्षं ही वही सांभाळल्यामुळे असेल, पण कुठलीही गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात गेली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: नोंद झाली का?

रविवारच्या पुरवणीत अधूनमधून संगीतावर लिहितो, तेव्हाही हा प्रश्न पाठ सोडत नाही. नवी तबकडी, नवी सीडी समीक्षकाच्या हातात पोचते कशी? आणि ती कशी पोचावी असं त्याला वाटतं? विषय क्षुल्लक वाटेल, पण त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

तबकड्यांच्या परीक्षणाला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडमध्ये. कॉम्प्टन मॅकेन्झी या कादंबरीकाराने १९२३च्या एप्रिलमध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं. त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपायची. एखादी सिंफनी ऐकायची तर तबकड्यांची चळतच लागे, आणि लाखेची तबकडी हातातून निसटली की तुकडे! ती सांभाळायची, दर चार मिनिटांनी उठून उलटायची आणि मग मत द्यायचं. कष्टाचं काम, पण एक गोष्ट समीक्षकाच्या हातात होती. तीच तबकडी पुन्हा लावता येत होती.

आपल्याकडे मराठीत संगीतसमीक्षा रुजली ती मात्र बैठकीतून. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने गवयांवर लिहीत, ते प्रत्यक्ष ऐकून. (आपल्या बांदिवड्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे या त्यांच्या पत्नी, हे गोमंतकीयाला सांगायला नकोच.) बैठकीत गाणं एकदाच होतं. त्या क्षणी कान जागा असला तर असला. तिथे समीक्षकाला हवी ती चांगली जागा आणि ताजा कान. गवयाचं त्याने काही देणं लागू नये, हे तिसरं. मला तरी ते टोपणनाव या तिसऱ्या गोष्टीसाठी फार उपयोगाचं वाटतं.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं संगीत मावू लागलं आणि परीक्षणाचं काम सोपं झालं. आकाशवाणी केंद्रांना आणि समीक्षकांना फुकट प्रती धाडायची तिकडची पद्धतही पक्की झाली. बऱ्याच कंपन्या या प्रतींवर रंगीत लेबलाऐवजी पांढरं लेबल लावत आणि ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारत. गंमत म्हणजे आज संग्राहक याच पांढऱ्या लेबलांसाठी जास्त पैसे मोजतात.

पुढे कॅसेट आली, सीडी आली, आणि कंपन्यांना समीक्षकाचीच भीती वाटू लागली. त्याच्या हातातली प्रत बाजारात येण्याआधीच फुटली तर? १९९७ मध्ये रेडिओहेड या इंग्लिश चमूचा ‘ओके कॉम्प्युटर’ यायचा होता. तेव्हा कॅपिटल कंपनीने अमेरिकेतल्या पत्रकारांना हजारभर छोटे कॅसेट प्लेअर पाठवले, आत कॅसेट गोंदाने चिकटवलेली. २००२ मध्ये एपिक कंपनीने पर्ल जॅम आणि टोरी एमोस यांच्या नव्या सीडी अशाच बंद प्लेअरमधून काही समीक्षकांकडे धाडल्या. तिथे तर हेडफोनची पिनही चिकटवलेली, म्हणजे दुसऱ्या यंत्राला जोडून नक्कल करायला नको. ज्याच्या कानावर विश्वास ठेवून मत मागायचं, त्याच्या हातावर मात्र विश्वास नाही!

या फुकट प्रती नेमक्या कुणाच्या, हा वाद शेवटी अमेरिकेत कोर्टात गेला. ट्रॉय ऑगस्टो नावाचा गृहस्थ जुन्या सीडींच्या दुकानांतून अशा प्रती विकत घेऊन ईबेवर विकत असे. युनिव्हर्सल कंपनीने त्याच्यावर दावा लावला. म्हणणं असं, की ही सीडी कंपनीचीच मालमत्ता आहे, ती फक्त वापरायला दिली आहे, असं वरच छापलंय. २००८ मध्ये खालच्या कोर्टात आणि २०११च्या जानेवारीत अपिलात कंपनी हरली. का? तर कुणी न मागताच कंपनीने त्या टपालात टाकल्या होत्या. पुढे त्यांचं काय झालं याचा हिशेब तिने ठेवला नव्हता आणि त्या परतही मागवल्या नव्हत्या. न मागता टपालाने आलेली वस्तू घेणाऱ्याची भेट ठरते, असा तिथला कायदा आहे. हा निकाल वाचून माझ्यातल्या कारकुनाला कोण आनंद झाला म्हणून सांगू! जावक वहीत नोंद नाही, तर हक्क कसला?

मग टपालच संपलं. रेडिओहेडने २००७च्या ऑक्टोबरमध्ये ‘इन रेनबोज’ जेमतेम दहा दिवस आधी जाहीर केला आणि थेट इंटरनेटवरून दिला. समीक्षकाला आणि सामान्य श्रोत्याला तो एकाच दिवशी मिळाला. १३ डिसेंबर २०१३ला बियॉन्सेने तर काहीच न सांगता आख्खा अल्बम बाजारात आणला. समीक्षकांनी रात्रभर जागून सकाळपर्यंत परीक्षणं लिहिली. आता बहुतेकदा दुवा येतो, आणि कधी कधी तो ठरावीक मुदतीनंतर उघडत नाही.

समीक्षकाला काय हवं असतं, हे मला शिकवलं ते एका सीडीने. नोकरीला नुकताच लागलो होतो. फोंड्याकडचे एक वयस्कर भजनी गायक चवथीच्या तोंडावर घरी आले, पदरच्या पैशांनी काढलेली सीडी घेऊन. ‘‘आत्ताच लावा, मी बसतो,’’ म्हणाले. बसले. प्रत्येक तानेला माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ‘वा वा’ करत राहिलो. चार पदं झाली, चहा झाला, ते उठले. त्याच रात्री मी दोनशे शब्द लिहून टाकले. तानांचं भरपूर कौतुक केलं.

दोनेक महिन्यांनी, ऑक्टोबरातल्या एका पावसाळी रात्री, सहज सीडी पुन्हा लावली. त्या दिवशी राहून गेलेला सहावा अभंग लागला. त्यात तान जवळजवळ नव्हतीच. वरच्या षड्जाला आवाज किंचित फाटत होता, आणि तिथेच ते असं काही थांबले होते की मी दिवा बंद करून बसलो. त्या अभंगावर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. बुवांनी मात्र माझं ते कात्रण पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. मला त्याच्याकडे बघवत नसे.

पाकीट असो, सीडी असो की दुवा, समीक्षकाला हवा असतो वेळ, एकांत आणि पुन्हा ऐकायची मुभा. सोबत साथीला कोण, राग कोणता, एवढी माहिती कागदावर असली की पुरे. बाकी सगळं अडचणच.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी २७ संगीतरचना निवडल्या गेल्या. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने भारतासाठी केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. ती तबकडी तेव्हा सहज मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आपल्या गोमंतकीय गाण्याला मिळालेली ही सर्वांत दूरची दाद. तिच्यासाठी कुणी भेटप्रत पाठवली नव्हती, कुणी समोर बसून तोंडाकडे बघत नव्हतं. कुणीतरी ते गाणं आधी कधीतरी नीट ऐकलं होतं आणि विसरलं नव्हतं, एवढंच.

बुवा आता नाहीत. सीडी माझ्या कपाटात आहे. तिच्यावर आवक क्रमांक नाही.