टोपीसाठी गेलेला प्राणी

युनानी औषधांच्या जुन्या नुस्ख्यांत ‘जुंदबेदस्तर’ हे नाव काही वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथातही ते आहे. परंतु ते कोठून येते, असे मुलांनी विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? बीव्हर नावाच्या प्राण्याच्या शेपटीजवळील ग्रंथींतून निघणारा हा उग्र वासाचा पदार्थ आहे. हा प्राणी ना मेळघाटात आहे, ना पूर्णेच्या काठी. हिंदुस्थानात तो कोठेच नाही. तरीही त्याचा इतिहास आपल्या मुलांनी जाणून घ्यावा असा आहे.

बीव्हर हा उंदीर-खारीच्या वर्गातील, कुरतडून खाणारा प्राणी. त्याचे दात लोहांशामुळे नारिंगी व कणखर असतात. त्या दातांनी तो झाडे पाडतो, फांद्या व चिखल रचून ओढ्यावर बांध घालतो आणि साचलेल्या पाण्यात घर करतो. बांधामुळे पाणी थांबते, जमिनीत मुरते. मासे, पाखरे, गवत यांना आसरा मिळतो. उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडताना पाहणाऱ्या वऱ्हाडच्या मुलांना या बांधाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

दुर्दैवाने त्याची लव फार मऊ व दाट. दहाव्या शतकात अल-मुकद्दसी या भूगोलकाराने व्होल्गाकाठच्या बुल्गारहून ख्वारिझ्ममार्गे येणाऱ्या मालाची जी यादी दिली, तीत बीव्हरची कातडी आहेत. पुढे युरोपात त्या लवेच्या नमद्याच्या टोप्यांची फॅशन आली. लवेच्या केसांना बारीक आकडे असल्याने नमदा घट्ट बसे, पावसातही टोपीचा आकार मोडत नसे. मागणी एवढी वाढली की युरोपातला बीव्हर संपत आला आणि व्यापाऱ्यांची नजर उत्तर अमेरिकेकडे वळली.

२ मे १६७० रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने हडसन बे कंपनीला सनद दिली. ज्या प्रदेशाची सनद दिली तो त्याने पाहिलाही नव्हता! तेथे राहणाऱ्या क्री आदी लोकांना कोणी विचारले नाही. हेच लोक कातडी आणीत. त्यांनी अंगावर पांघरून वापरलेल्या कातड्यांना तर अधिक मागणी असे, कारण वरचे राठ केस झडून गेलेले असत. कंपनीच्या ठाण्यांवर बीव्हरचे एक उत्तम कातडे हेच नाणे झाले. बंदूक, घोंगडी, किटली यांची किंमत कातड्यांत मोजली जाई. व्यापाराबरोबर देवीची साथही पोचली. १७८१-८२ मध्ये तिने गावेच्या गावे ओस पाडली. इकडे टोप्या करणारे कारागीर लवेवर वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याने आजारी पडत. नफा मात्र लंडनला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरची मागणी ओसरली. १८७० मध्ये कंपनीचा अफाट मुलूख ३ लाख पौंडांच्या मोबदल्यात कॅनडाकडे गेला. संरक्षणामुळे विसाव्या शतकात बीव्हर पुन्हा वाढला. १९७५ मध्ये कॅनडाने कायद्याने त्याला राष्ट्रीय प्रतीक मानले. कंपनीची दुकाने मात्र २०२५ मध्ये कायमची बंद झाली.

आता आपल्या प्रांताकडे पाहू. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड दुसऱ्या एका इंग्रज कंपनीच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या, ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाचा भाव कडाडला. युद्ध संपताच तो कोसळला. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली; १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, तेही कापसाच्या बाजारासाठी. तेथे कातडे, येथे बोंड. पण भाव ठरवणारा दोन्हीकडे सातासमुद्रापलीकडेच होता.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. अंगावरच्या सदऱ्यालाही इतिहास असतो. आणि पालकांना विनंती एवढीच : मुलाने एखाद्या वस्तूविषयी विचारले, तर ती कितीची आहे एवढेच सांगून थांबू नका. ती कोठून आली, कोणाच्या श्रमाने आली आणि तिच्यापायी काय नष्ट झाले, हे त्याच्यासोबत शोधा. असे प्रश्न विचारायला शिकलेले मूल उद्या बाजारात सहजासहजी फसणार नाही.