अग्रिपिनेच्या हरवलेल्या आठवणी

सम्राट नीरोची आई अग्रिपिना आपल्या परिचयाची असते ती मुख्यतः तिच्या अंतामुळे. इ. स. ५९मध्ये मुलाने तिला मोडक्या नावेतून बुडवू पाहिले. ती पोहत किनाऱ्याला लागली, तेव्हा मारेकरी पाठवले. या नाट्यापुढे तिचे उरलेले आयुष्य झाकोळून जाते.

वस्तुतः ते आयुष्य विलक्षण होते. जर्मॅनिकसची ही मुलगी, कॅलिगुलाची बहीण. भावानेच तिला ३९मध्ये हद्दपार केले. ४९मध्ये सख्खा चुलता सम्राट क्लॉडिअस याच्याशी तिचा विवाह झाला, त्यासाठी सिनेटला नियम बदलावा लागला. पुढच्याच वर्षी क्लॉडिअसने नीरोला दत्तक घेतले. तिच्या जन्मगावी, ऱ्हाईनकाठी, तिच्या नावाची वसाहत स्थापन झाली, तेच आजचे कोलोन. ५४मध्ये नीरो गादीवर आला, तेव्हाच्या नाण्यावर माय-लेक समोरासमोर आहेत आणि दर्शनी बाजूची अक्षरे आईच्या नावाची आहेत. ५५च्या नाण्यावर मुलगा पुढे, आई मागे. त्यानंतर रोमच्या नाण्यांवरून ती नाहीशीच होते.

सिनेटची बैठक राजवाड्यात भरे आणि ती पडद्याआडून ऐकत असे, असे टॅसिटस सांगतो. (वर्गात शिकवताना या पडद्याचा मोह आम्हांलाही आवरत नाही.) परंतु टॅसिटसने हे लिहिले ते तिच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने, आणि सत्ताकांक्षी स्त्रीविषयीची त्याची अढी ओळीओळीतून जाणवते. क्लॉडिअसला तिने विष घातले, हेही आपण अशाच लेखकांच्या तोंडून ऐकतो.

तिने स्वतः मात्र लिहिले होते. आपले आयुष्य आणि आप्तांवर ओढवलेले प्रसंग यांच्या आठवणी तिने लिहून ठेवल्या होत्या. तो ग्रंथ नष्ट झाला. त्यातील दोनच गोष्टी आपल्यापर्यंत निश्चितपणे आल्या आहेत. एक टॅसिटसने घेतली: तिच्या विधवा आईने आजारपणात, डोळ्यांत पाणी आणून, सम्राट टायबेरिअसपाशी पुनर्विवाहाची परवानगी मागितली आणि तो उत्तर न देताच निघून गेला. इतर इतिहासकारांनी हा प्रसंग नोंदवलेला नाही, हे टॅसिटस आवर्जून सांगतो. त्या एका परिच्छेदात आम्हांला त्याच्या लेखणीखालून दुसरा आवाज ऐकू येतो; तो मुलीचा आहे.

दुसरी गोष्ट थोरल्या प्लिनीने उचलली: नीरो पायाळू जन्मला. आईने ती बाळंतपणाची आठवण म्हणून लिहिली असेल. प्लिनीने ती अशुभ जन्मांच्या यादीत घातली.