भद्रावतीचा पूल आणि सुरू न होणारा कंटेनर

मंडळी, या शनिवारचा विषय जरा विचित्र आहे. डॉकरचा कंटेनर सुरू का होत नाही, आणि ते समजून घेताना मला दर वेळी चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती का आठवतं, त्याबद्दल.

आधी दुखणं सांगतो. 'कालपर्यंत चालत होतं' हे वाक्य आपल्या धंद्यात दिवसातून दहादा ऐकू येतं. कोड तोच, इमेज तीच. घरून ऑफिसचं व्हीपीएन लावलं, 'डॉकर कंपोज अप' म्हटलं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं: नेटवर्कला द्यायला मोकळी अ‍ॅड्रेस रेंजच सापडत नाही. मग काय, मशीन रिस्टार्ट करा, डॉकर काढून पुन्हा टाका, शेजारच्याला विचारा. कधी कधी त्यानं चालतंही. पण का बंद पडलं होतं ते कळलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या सोमवारी तेच.

अशा वेळी कंटेनरमध्ये सहसा काही बिघडलेलं नसतं. भानगड असते सांध्यात, जिथे दोन स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडली जातात तिथे. आणि या सांध्याला इतिहास आहे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये 'आरएफसी १९१८' नावाचा दस्तऐवज निघाला. इंटरनेटचे पत्ते पुरणार नाहीत हे तोवर दिसायला लागलं होतं. म्हणून तीन रेंज खाजगी वापरासाठी राखून ठेवल्या: १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. कोणीही वापरा, कोणाला विचारायची गरज नाही. घरोघरी आणि ऑफिसोऑफिसी हेच पत्ते आले. प्रत्येकाचं जाळं आपापल्या भिंतीच्या आत होतं, तोवर कोणाचं काही बिघडलं नाही.

दुसरीकडे कंटेनरची गोष्ट हळूहळू पुढे सरकत होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये 'चेंज रूट' आलं, म्हणजे प्रोग्रामला फाइल सिस्टिमचा एक कोपराच सगळं जग म्हणून दाखवायचा. २००० साली फ्रीबीएसडीनं 'जेल' आणलं. २००८ च्या सुमारास लिनक्सच्या कर्नलमध्ये नेटवर्क नेमस्पेस रुजल्या आणि एकाच मशीनमध्ये अनेक स्वतंत्र जाळी मांडता येऊ लागली. मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्सनं पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं, आणि हे सगळं एका कमांडवर आलं.

डॉकर प्रत्येक मशीनवर एक आभासी पूल टाकतो. त्याची रेंज न सांगितल्यास बहुधा १७२.१७. कंपोजनं नवं नेटवर्क मागितलं की १७२.१८, मग १७२.१९... म्हणजे १९९६ साली ज्या रेंजवर 'कोणीही वापरा' अशी पाटी लावली होती, त्यातूनच हा घेतो. आणि तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवाल्यानंही तिथूनच घेतलेलं असू शकतं!

इथून तीन प्रकारचे घोळ होतात.

पहिला वरचा व्हीपीएनवाला. काही व्हीपीएन सगळी वाहतूक आपल्याकडे ओढण्यासाठी पत्त्यांच्या पूर्ण विश्वाचे दोन अर्धे करून दोन्ही राउट टेबलात टाकतात. डॉकर मोकळी रेंज शोधताना ते टेबल बघतो, सगळंच व्यापलेलं दिसतं आणि तो हात वर करतो. नेटवर्क नाही, म्हणून कंटेनर नाही.

दुसरा जास्त फसवा. कंटेनर मजेत सुरू होतो, पण ऑफिसचा डेटाबेसही १७२.१८ मध्येच असतो. आता त्या पत्त्याची पाकिटं बाहेर जायच्या ऐवजी आतल्या पुलावर वळतात. एका प्रोजेक्टवर आम्ही रिमोट सर्व्हरवर कंपोज चालवलं की आमचं लॉगिनच तुटायचं. दोन दिवस सगळे सर्व्हरला शिव्या देत होते. सर्व्हर बिचारा जिवंत होता. आमच्या लॅपटॉपची रेंज आणि त्या नव्या पुलाची रेंज एकच होती, त्यामुळे त्याची उत्तरं आमच्याकडे न येता स्वतःच्याच पोटात जात होती.

तिसरा फायरवॉलचा. डॉकर सुरू होताना आपले नियम फायरवॉलमध्ये लिहितो. नंतर कोणी फायरवॉल नव्यानं लोड केली की ते नियम पुसले जाऊ शकतात, आणि बाहेर पोर्ट उघडणारा कंटेनर सुरू होताना अडतो. डॉकरची सर्व्हिस रिस्टार्ट केली की नियम परत लिहिले जातात. 'रिस्टार्ट केलं आणि चाललं' यामागचं गुपित अनेकदा एवढंच.

आता भद्रावती. मी मूळचा चंद्रपूरचा. नागपूरच्या रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर गेलं की भद्रावती लागतं. लोकांना तिथली विजासन लेणी आणि जैन मंदिर माहीत असतात. पण तिथे वीजवाल्यांचाही एक पूल आहे.

१९९० च्या दशकात भारतात एक वीजजाळं नव्हतं. पाच प्रादेशिक ग्रीड होत्या, प्रत्येकीची चाल वेगळी. नियमानं फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. पण टंचाईच्या भागात ती बरीच खाली घसरायची, आणि पूर्वेकडे मागणी कमी म्हणून ५० च्या वर चढायची. दोन एसी ग्रीड थेट जोडायच्या तर चाल अगदी एक हवी. नाहीतर वेगवेगळ्या वेगानं पळणाऱ्या दोन बंड्या (आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात) दोरानं बांधल्यासारखं होतं. आधी हिसके बसतात, मग दोर तुटतो.

पश्चिम ग्रीड चंद्रपूरपर्यंत आणि दक्षिण ग्रीड गोदावरीकाठच्या रामगुंडमपर्यंत आलेली. अंतर फार नाही, पण जोडता येत नव्हतं. १९९७-९८ मध्ये भद्रावतीला 'बॅक टू बॅक' केंद्र सुरू झालं. ५०० मेगावॅटचे दोन संच, एकूण १००० मेगावॅट. एका बाजूनं एसी आत घ्यायचा, थायरिस्टरनं डीसी करायचा, आणि त्याच आवारात दुसऱ्या बाजूला त्याचा पुन्हा एसी करून पलीकडच्या ग्रीडला द्यायचा. मधल्या डीसीला फ्रिक्वेन्सीच नसते. ओळख दारात गळून पडते, पलीकडे जाते फक्त वीज, तीही ठरवू तेवढीच.

डॉकरचा पूलही बाहेर जाताना हेच करतो. कंटेनरचा खरा पत्ता दारात उतरवतो, मशीनचा पत्ता लावतो आणि डेटा पुढे पाठवतो. फरक एक आहे. विजेला वेगळेपणाचा त्रास होतो, पत्त्यांना सारखेपणाचा. भद्रावतीत दोन्हीकडे नेमके ५० असले तर उत्तमच. आपल्याकडे दोन्हीकडे १७२.१८ असलं की बोंब.

या वेगळं ठेवण्याची किंमत जुलै २०१२ मध्ये कळली. ३० तारखेला उत्तर ग्रीड कोसळली आणि ३१ ला उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. दक्षिण ग्रीड मात्र सुरू राहिली. इतरांशी तिचे मोठे सांधे डीसीचे होते, त्यामुळे पलीकडची पडझड जशीच्या तशी आत आली नाही.

मग देशभर एकच ग्रीड झाली ती कशी? घाईनं नाही. २००२-०३ मध्ये वेगवेगळ्या प्रदेशांत नवी दरपद्धत आली. फ्रिक्वेन्सी कमी असताना ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर जबर पैसे, त्यामुळे सगळ्यांची चाल ताळ्यावर यायला लागली. मार्च २००३ मध्ये पश्चिम ग्रीड पूर्वेशी एसीनं जोडली, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर आली, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइननं दक्षिण. भद्रावतीचं केंद्र त्यानंतरही मोडीत निघालं नाही, कारण प्रवाह हवा तेवढाच सोडणारं दार कामाचंच असतं.

थोडक्यात काय, आधी शिस्त ठरली, मग जोडणी झाली. आपण उलटं करतो. आधी जोडतो, तुटलं की डॉकर रिइन्स्टॉल करतो, नाहीतर वैतागून कंटेनरला सरळ होस्टचंच नेटवर्क देऊन टाकतो. म्हणजे भद्रावतीचं केंद्र उखडून दोन तारा हातानं बांधणं!

पुढच्या वेळी कंटेनर रुसला तर आधी मशीनचं राउट टेबल बघा, मग डॉकरच्या नेटवर्कची यादी, मग फायरवॉलचे नियम. जुनी, वापरात नसलेली नेटवर्क्स काढून टाका. आणि एकदाच अर्धा तास काढून, ऑफिस कुठली रेंज वापरतं, व्हीपीएन कुठली, हे विचारून घ्या. उरलेल्यातली एक डॉकरच्या 'डीमन डॉट जेसन' फाइलमध्ये लिहून टाका. ती टीमच्या विकीवरही हवी, कारण नवा माणूस येतो तेव्हा त्याला हे कोणी सांगत नाही.

अर्ध्या तासाचं काम आहे. पाच ग्रीडना एका चालीवर यायला कितीतरी वर्षं लागली :-)