लाबेर्ज, मिशेल
कॅनेडियन भौतिकीविज्ञ व ‘जनरल फ्यूजन’ या अणुसंमीलन-ऊर्जा कंपनीचे संस्थापक. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून पीएच्.डी. मिळविल्यावर त्यांनी क्रिओ या मुद्रणतंत्र कंपनीत वरिष्ठ भौतिकीविज्ञ म्हणून काम केले. ती नोकरी सोडून २००२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. तिची पद्धत ‘चुंबकित लक्ष्य संमीलन’ म्हणून ओळखली जाते. हीत चुंबकीय क्षेत्राने बद्ध केलेला हायड्रोजन-समस्थानिकांचा प्लाझ्मा द्रवधातूतील पोकळीत सोडतात आणि दट्ट्यांच्या दाबाने पोकळी झपाट्याने आकुंचित करून त्याचे तापमान व घनता वाढवितात. द्रवधातू उष्णता शोषून घेतो आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यापासून पात्राचे संरक्षणही करतो. द्रवधातूने प्लाझ्मा दाबण्याचा असाच प्रयत्न अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात ‘लायनस’ प्रकल्पात केला होता.